हळदीकुंकू लावलेली याद आणि नोटरीचा शिक्का

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहून गेले होते, की लग्नाआधी पैशाचं मोकळं बोलून घ्या, वाटलं तर लिहूनही ठेवा. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारूच नका, की या वेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं काढलीत, तपशील थोडे फिरवलेत, त्यामुळे शेजारच्या काकूंना ओळखायचा प्रयत्न करू नका.

प्रश्न : वकीलताई, मी ३० वर्षांची, फिजिओथेरपिस्ट. वासणा रोडला माझं स्वतःचं क्लिनिक आहे, जागा माझ्या नावावर, लोन अजून चालू आहे. जानेवारीत लग्न आहे. मुलगा खरंच चांगला आहे पण त्याच्या घरचा धंदा कर्जात आहे हे मला माहितीय. उद्या काही बिनसलं तर माझं अर्धं क्लिनिक जाईल अशी भीती वाटते. एक नोटरीवाला भाई म्हणाला तीनशेच्या स्टॅम्पवर प्रीनप, म्हणजे लग्नाआधीचा करार, करून देतो, एकदम पक्कं. आई म्हणते अपशकुन आहे, घटस्फोटाचं आधीच काय बोलायचं. असा करार आपल्याकडे व्हॅलिड असतो का?

उत्तर : आधी आईचं बघू, कारण कोर्टापेक्षा ते कठीण. आईला विचार, तिच्या लग्नात याद्या झाल्या होत्या की नाही? आपल्याकडे साखरपुड्याला दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसायची, कोणी काय करायचं, मानपान कुणाचा, जेवणं किती, सगळं कागदावर उतरायचं, त्या कागदाला हळदीकुंकू लावायचे आणि दोन्ही बाजू सही करायच्या. मग तो अपशकुन नव्हता? फरक एवढाच की त्या यादीत नवरीला कोणी विचारत नव्हतं आणि तू आता स्वतः लिहायला बसलीयेस. आणि घटस्फोट या शब्दाचं म्हणशील तर आपल्या बडोद्यात तरी त्याची एवढी दचक नको, सयाजीराव महाराजांच्या संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीच आला होता, देशभरच्या हिंदूंसाठी असा एकच कायदा यायला १९५५ उजाडावं लागलं.

आता तुझी अर्ध्या क्लिनिकची भीती. ही भीती वेब सिरीजमधून आलीय, कायद्यातून नाही. आपल्याकडे लग्न झालं की नवरा-बायकोची मालमत्ता एक होत नाही. तुझ्या नावावरचं तुझं, त्याच्या नावावरचं त्याचं, लग्नाआधीही आणि नंतरही. घटस्फोटात अर्धं-अर्धं वाटून घ्या असा नियम हिंदू विवाह कायद्यात नाहीच. कलम २७ आहे, पण ते लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंबद्दल. त्यामुळे त्याला तुझ्या क्लिनिकचा अर्धा हिस्सा मिळेल हे डोक्यातून काढून टाक. खरी रिस्क दुसरीकडे आहे, ती पुढे सांगते.

व्हॅलिड आहे का, तर एका शब्दात उत्तर नाही, आणि जो एका शब्दात देतो त्याच्याकडून काम करून घेऊ नकोस. भारतात प्रीनपसाठी वेगळा कायदा नाही (गोव्याचं वेगळं, खाली एक पत्र आहे). हिंदू विवाह कायद्यात त्याचा उल्लेखही नाही. मुसलमानांमध्ये निकाह हाच मुळात करार, मेहर ठरते, निकाहनाम्यात अटी घालता येतात. ख्रिश्चनांसाठीच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात कलम ४० मध्ये लग्नाआधीच्या आणि नंतरच्या सेटलमेंटकडे बघायचा अधिकार कोर्टाला दिलाय. आपल्याला मात्र १८७२ च्या करार कायद्यावरच यावं लागतं. त्याचं कलम १० म्हणतं, दोघं सज्ञान आणि शुद्धीत हवेत, संमती मोकळी हवी, मोबदला कायदेशीर हवा, हेतू कायदेशीर हवा. मोबदला म्हणजे रोख पैसेच असं नाही, तू मला हे वचन दे मी तुला ते देतो, एवढं पुरतं. इथपर्यंत सगळं सोपं आहे. गाडी अडते ती कलम २३ ला, तिथे सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असलेला करार रद्द धरलाय, आणि लग्न-संसार हा आपल्या कोर्टांच्या दृष्टीने नुसता दोघांचा व्यवहार नाही.

यातलं एक जुनं प्रकरण मला फार आवडतं. १९०१ चं, कलकत्ता हायकोर्टाचं. लग्नाआधी जावयाकडून लिहून घेतलं होतं की तो सासरीच राहील, सासूच्या शब्दात राहील आणि बायकोला तिथून कधीही हलवणार नाही. म्हणजे घरजावयाचा प्रीनप! पुढे काही वर्षांनी जावई निघून गेला आणि बायकोने आपल्याकडे यावं म्हणून कोर्टात गेला. कोर्टाने सांगितलं, असा करार चालणार नाही. निकालातलं तेव्हाचं नवरा-बायकोबद्दलचं बोलणं आज वाचवत नाही, पण नियम अजून जिवंत आहे, की लग्नाचा पायाच हलवणारी अट कागदावर घातली तरी ती टिकत नाही.

म्हणून काय लिहायचं नाही ते आधी बघ. अमुक झालं तर आपोआप घटस्फोट, असं लिहिता येत नाही, घटस्फोट फक्त कोर्ट देतं आणि कायद्यातल्या कारणांवरच देतं. पुढेमागे वेगळं व्हायचं हे आधीच ठरवणारं कलम नको. मूल झालं तर ते कोणाकडे राहील हे नको, कारण ताब्याच्या वेळी कोर्ट मुलाचं हित बघतं, आईबापाचा कागद नाही. आणि सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते म्हणजे 'पोटगी मागणार नाही'. हे लिहून घेतलं की सुटलो असं मुलांना वाटतं, तुझ्यासारख्या कमावत्या मुलींनाही वाटतं (हो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली नवराही पोटगी मागू शकतो), पण सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. बाईने आठ हजार रुपये एकरकमी घेऊन पुढे काही मागणार नाही म्हणून कोर्टातच तडजोड केली होती, तरीही तिचा हिंदू दत्तक आणि पोटगी कायद्याखालचा हक्क गेला नाही. कोर्टासमोरच्या तडजोडीची ही गत, तर नोटरीच्या शिक्क्याचं काय घेऊन बसलीस.

मी नवीन नवीन वकिली करत होते, सुरसागरवरच्या न्यायमंदिरातच कोर्टं भरायची तेव्हा, एका पक्षकाराला मोठ्या उत्साहाने असाच करार करून दिला होता, चौदा कलमं, त्यातली सहा घटस्फोटावर. समोरच्या सिनियरने तो नुसता वाचून दाखवला आणि माझ्याकडे बघून हसले. तेव्हापासून मी ही असली कलमं लिहीत नाही.

मग उरतं काय? बरंच उरतं. लग्नाआधी कोणाचं काय होतं याची यादी. क्लिनिक तुझं, डाउन पेमेंट तू कुठून दिलंस, लोन किती बाकी, एफडी, म्युच्युअल फंड, सोनं. त्याच्याकडेही तेच, आणि त्याच्या बाबतीत मुख्य म्हणजे कर्ज, कोणत्या बँकेचं, तो जामीन कुठे आहे, वडिलांच्या धंद्यात पार्टनर आहे का. घरखर्च कसा वाटायचा, पुढे एकत्र घर घेतलं तर कोणाचा किती हिस्सा, हेही. आता याचा उपयोग कधी? २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून दिलं की पोटगीच्या केसमध्ये दोघांनीही मालमत्ता आणि देणी यांचं अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं. तेव्हा जो सहा वर्षांपूर्वी दोघांनी सही केलेली यादी पुढे ठेवतो त्याचं म्हणणं कोर्ट लक्ष देऊन ऐकतं. तो कागद कोर्टाचे हात बांधत नाही, पण पुरावा म्हणून त्याला वजन असतं.

आणि ते वजन कशाने येतं, तर खऱ्या माहितीने आणि वेळेने. अर्धी मालमत्ता लपवून घेतलेली सही म्हणजे करार कायद्याचं कलम १७, फसवणूक. हॉल बुक झाला, पत्रिका वाटून झाल्या, हळदीच्या आदल्या दिवशी कागद पुढे केला आणि सही नाहीतर लग्न मोडलं म्हटलं, की दबाव आलाच. तुझं लग्न जानेवारीत ना, मग दिवाळीच्या आत सह्या उरका. दोघांचे वकील वेगळे घ्या, एकच वकील दोघांचा असेल तर पुढे एक जण म्हणणारच की तो त्यांचा माणूस होता. कागद दोघांना नीट कळणाऱ्या भाषेत करा, मराठी चालते, गुजराती चालते. प्रत्येक पानावर सही, दोन साक्षीदार. एक वाक्य जरूर टाका, की एखादं कलम कोर्टाने रद्द धरलं तरी बाकीचा करार राहील, नाहीतर एक नासका आंबा अख्खी पेटी घालवतो.

नोटरीचा शिक्का फक्त एवढं सांगतो की सही करणारी माणसं हीच होती. आतला मजकूर कायदेशीर आहे असं तो शिक्का म्हणत नाही, हे त्या भाईला माहिती असावं पण गिऱ्हाईक कोण घालवणार. आणि कुठे जमीन, फ्लॅट, दुकान यातला हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल तर नोटरी चालत नाही, सब-रजिस्ट्रारकडे दस्तावेज नोंदवावाच लागतो, स्टॅम्प ड्युटीसकट.

आता ती खरी रिस्क. तुझ्या सासरच्या धंद्यासाठी बँक उद्या तुझी सही जामीन म्हणून मागेल, किंवा क्लिनिक गहाण टाक म्हणतील, आपलेच लोक आहेत, दोन वर्षांची तर गोष्ट. तू सही केलीस की प्रीनपमध्ये काहीही लिहिलेलं असो, बँक त्या कराराची पार्टी नाही, बँकेला त्याचं देणंघेणं नाही. त्यामुळे तुझं क्लिनिक वाचवायचं खरं कलम स्टॅम्पवर नाही, तुझ्या पेनात आहे. करारात एवढं नक्की लिही की एकमेकांच्या धंद्याच्या कर्जाला दुसऱ्याने जामीन राहण्याची अपेक्षा नाही. ते वाक्य कोर्टासाठी कमी आणि त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर दाखवायला जास्त.

प्रश्न : मैत्रिणीचं लग्न मडगावच्या मुलाशी ठरलंय. तिथे म्हणे करार चालतो?

उत्तर : चालतो, आणि न केला तर काय होतं ते आधी समजून घ्या. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा १८६७ चा दिवाणी कायदा, त्यातला बराच भाग आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यात आलाय. काही ठरवलं नाही तर दोघांची मालमत्ता एकत्र धरतात, म्हणजे तिथे अर्धं-अर्धं खरंच आहे. वेगळं हवं असेल तर लग्नाआधी, सरकारी नोटरी अधिकाऱ्यासमोर रीतसर दस्त करावा लागतो, आणि एकदा लग्न झालं की तो बदलता येत नाही. मैत्रिणीला हा कायदा लागू होतो का हे तिथल्याच वकिलाला विचारायला सांगा, लग्नाची पहिली नोंदणी करण्याच्या आधी.

प्रश्न : ताई, माझी मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीतून एमएस्सी झालीय. जावई न्यू जर्सीला, अमेरिकन सिटिझन. लग्न दहा दिवसांवर आहे आणि काल त्यांनी बावीस पानी इंग्रजी पीडीएफ पाठवली, सही करून स्कॅन करा, फॉर्मॅलिटी आहे म्हणाले. मुलगी म्हणते करून टाकू. आम्हाला रात्रभर झोप नाही.

उत्तर : वहिनी, सही थांबवा, लग्न थांबवू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जावयाला तसंच सांगा.

तिकडे प्रीनप ही खरोखर फॉर्मॅलिटी नाही. आपल्याकडे जो कागद अर्धा लटकतो तो न्यू जर्सीत पूर्ण चालतो, तिथे १९८८ पासून त्याचा कायदा आहे. करार लेखी हवा, दोघांच्या सह्या हव्यात आणि मालमत्तेचं पत्रक जोडलेलं हवं. ते बावीस पानांत आहे का बघा, की नुसती कलमंच आहेत. नंतर तो करार मोडायचा असेल तर ज्याला मोडायचाय त्याने सिद्ध करायचं, की सही आपखुशीची नव्हती किंवा सही केली तेव्हाच करार अगदी अन्यायाचा होता, म्हणजे माहिती पूर्ण दिली नव्हती, किंवा स्वतःचा वकील नव्हता, वगैरे. पण इथे एक मेख आहे. बहुतेक मसुद्यांत शेवटी एक ओळ असते की मला स्वतंत्र वकील घ्यायची संधी होती आणि मी ती स्वतःहून सोडली. त्या ओळीखाली मुलीने सही केली की पुढे वकील नव्हता हे म्हणायची वाट तिने स्वतःच बंद केली. ती ओळ शोधा, आज रात्रीच.

न्यू जर्सीत प्रॅक्टिस करणारा वकील घ्या, व्हिडिओ कॉलवर होतं सगळं, आणि फी जावयाकडून मागायला संकोच नको, करार त्यांना हवाय. कॅलिफोर्नियात तर शेवटचा मसुदा हातात पडल्यावर सात दिवस गेल्याशिवाय सही घेताच येत नाही, म्हणजे घाई वाईट हे त्यांच्या कायद्यालाही कळतं. दहा दिवसांत जमलं नाही तर? मग जावयाने ठरवायचं, त्याला कागद आधी हवाय की मुहूर्त.

मसुद्यात वकिलाकडून मुख्यतः पोटगी सोडल्याचं कलम तपासून घ्या, कारण तिथे नवरा-बायकोमधली पोटगी करारात सोडता येते. मुलांच्या खर्चाचा हक्क मात्र कमी करता येत नाही. आणि एक तुमच्या बाजूची गोष्ट, मुलीचं ग्रीन कार्ड करताना जावयाला आय-८६४ नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात तो अमेरिकन सरकारला लिहून देतो की गरिबीरेषेच्या किमान १२५ टक्के इतपत आधार मी हिला देईन. ती जबाबदारी घटस्फोटानेही संपत नाही, ती सिटिझन झाली किंवा तिच्या कामाच्या चाळीस तिमाह्या भरल्या की संपते, आणि तिकडच्या एका फेडरल अपील कोर्टाने २०१६ मध्ये म्हटलंय की प्रीनपने ती उडत नाही. हे वाचून लगेच निर्धास्त होऊ नका, तो आधार म्हणजे पोट भरण्यापुरता.

मुलीला माझा निरोप सांगा, करून टाकू हे कढईतल्या भाजीबद्दल म्हणतात.

प्रश्न : मुलाकडचे म्हणतात करारात लिहा की मुलगी कधी पोलीस केस करणार नाही, आणि दागिने सासूबाईंकडे राहतील. बाकी मागणी काही नाही. काय करावं?

उत्तर : बाकी मागणी नाही म्हणजे, आणखी काय मागायचं राहिलं? गुन्ह्याची तक्रार करणार नाही असा करार कायद्यासमोर शून्य. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं पूर्वीचं कलम ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय आणि कोणाच्या सहीने ते रद्द होत नाही. दागिने हे स्त्रीधन, सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये प्रतिभा राणीच्या प्रकरणात सांगितलं की ते तिच्या एकटीच्या मालकीचं, सासरी ठेवलं तर सासरचे फक्त सांभाळणारे. तुम्ही उलट करा. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ चे नियम आहेत, त्यात वधूला आणि वराला आलेल्या भेटींची वेगवेगळी यादी लग्नाच्या वेळी करायची, वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि खाली वधू-वर दोघांच्या सह्या. ही आपली जुनी याद, फक्त सरकारी. सराफाची बिलं आणि फोटो सोबत ठेवा. आणि माझं वैयक्तिक मत विचाराल तर जे लोक लग्नाआधीच पोलीस केसची तयारी करतात त्यांच्याकडे अजून एकदा चहाला जाऊन या, या वेळी मुलीला घेऊन, आणि तिलाच विचारू द्या की केस होण्यासारखं काय घडणार आहे.

प्रश्न : मी ६४, निवृत्त, पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. एका ५८ वर्षांच्या विधवा बाईंशी लग्न करायचं ठरवतोय. माझा मुलगा आणि मुलगी वरवर हो म्हणतात पण फ्लॅटची काळजी दिसते. आम्ही दोघांनी करार करून 'एकमेकांच्या मालमत्तेवर हक्क नाही' असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर : काका, आधी अभिनंदन. पण तुम्ही चुकीचा कागद करताय. १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता तुम्ही गेलात तर बायको, मुलगा, मुलगी यांना सारखा वाटा, तुमच्या आई हयात असतील तर त्यांनाही. पुढे मिळू शकेल अशा वारशाचा नुसता संभव आज सोडून देता येत नाही, त्यामुळे बाईंनी हक्क नाही म्हणून लिहून दिलं तरी त्या कागदावर मुलांनी झोपू नये. तुम्हाला हवंय ते मृत्युपत्र. स्वकष्टाचा फ्लॅट कोणालाही देता येतो. दोन साक्षीदार हवेत, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करा. हिंदूंचं मृत्युपत्र नंतर लग्न केल्याने रद्द होत नाही, म्हणजे लग्नाआधी केलंत तरी चालेल.

आता बाईंचा विचार करा, कारण तुमच्या पत्रात तो कुठेच नाही. त्यांना पहिल्या पतीची सरकारी फॅमिली पेन्शन असेल तर पुनर्विवाहानंतर ती बहुतेक वेळा बंद होते. म्हणजे तुमच्याशी लग्न करून त्या दरमहा पैसे सोडणार, आणि वर फ्लॅटही नको म्हणून सही करणार? आधी त्यांच्या पेन्शनचे नियम त्या ऑफिसात विचारा. मग मृत्युपत्रात फ्लॅट मुलांना द्या पण त्यांना हयातभर राहायचा हक्क ठेवा, आणि त्यांच्या नावाने वेगळी एफडी करा. हा राहण्याचा हक्क वकिलाकडूनच लिहून घ्या बरं का, कारण १९७७ चा तुलसम्माचा निकाल आहे, पोटगीच्या हक्कापोटी बायकोला दिलेला मर्यादित हक्क हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने पूर्ण मालकी होऊन बसू शकतो, आणि मग तुमची मुलं आणि बाईंचे भाचे-पुतणे पंधरा वर्षं दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात भेटतील. बँकेत नॉमिनी बदलायलाही विसरू नका, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे घेऊन वारसांना देणारा.

मृत्युपत्राचे साक्षीदार म्हणून घरातला कोणी नको, फॅमिली डॉक्टर असले तर उत्तम. आणि हे सगळं मुलांना बोलावून, बाईंसमोर, एकदाच वाचून दाखवा. लग्न दांडिया बाजारातच असेल तर पत्रिका आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाका.